पाटावरचा नारळ

आमच्या घरात दोन धंदे होते आणि दोन्ही आवाजाचे. बाबा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे आणि आई धवलारीण होती. धवलारीण म्हणजे कोण, हे आता आमच्याच नातवंडांना सांगावं लागतं, तेव्हा इथेही सांगून टाकते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणणारी बाई ती धवलारीण. धवला हे गाणं खरं, पण नुसतं गाणं नव्हे. हळदीला त्याचा एक भाग, तेल चढवताना दुसरा, नवरानवरी पाटावर बसली की तिसरा. देवांना, खाडीला, मिठागराच्या बांधाला, सगळ्यांना नावानिशी आवतण द्यायचं आणि शेवटी मुलगी द्यायची. भटजी असो वा नसो, धवलारणीने धवला पुरा केला की लग्न लागलं, असं जुन्या बायका मानायच्या. आईने तो विचुंब्याच्या तिच्या आत्याकडून भात लावता लावता ऐकून घेतला होता. तिला सही करता येत नव्हती, पण दोन दोन तासांचा धवला ती पाण्याचा घोट न घेता म्हणायची.

वडाळे तळ्याच्या मागल्या गल्लीत पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या असं आमचं बिऱ्हाड होतं. दुकानात भिंतीला टांगलेले कर्णे, वायरींची भेंडोळी आणि डाग देण्याच्या कथलाचा वास; मागे चुलीवर भाजणाऱ्या सुकटीचा. दोन्ही वास मधल्या दारात भेटायचे आणि नव्या माणसाला वाटायचं, काहीतरी जळतंय. सकाळी आधी आईच्या तांदळाच्या भाकरीची थाप ऐकू यायची, मग बाबांचं माइक तपासणं. ते इतरांसारखं "हॅलो हॅलो" करत नसत. माइकपुढे नुसता श्वास सोडायचे आणि कर्ण्यातून तो कसा येतो ते डोळे मिटून ऐकायचे. आमच्या घरात भांडणं व्हायची ती हळू आवाजात, कारण बाबांना चढलेला आवाज सहन होत नसे. लाउडस्पीकरवाल्याला मोठा आवाज सोसत नाही, ही आमच्या गल्लीची आवडती थट्टा होती. बाबा त्यावर हसायचे नाहीत. म्हणायचे, "हलवाई कुठं रोज पेढे खातो."

त्यांच्याकडे रेकॉर्डींच्या दोन पेट्या होत्या. एक धंद्याची: हळदीला, बारशाला, सत्यनारायणाला लागणारी गाणी, कडा झिजलेल्या, पाकिटं फाटलेल्या तबकड्या. दुसरी घरची. ती पेटी भाड्याने जात नसे. महिन्यातून एकदा बाबा एसटीने मुंबईला जात, जुन्या बाजारात दिवसभर उकिडवे बसून रेकॉर्डींच्या थप्प्या उपसत आणि संध्याकाळी बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन-चार तबकड्या घेऊन येत. आई विचारायची, "मासली आनली का?" बाबा विसरलेले असत. मग ते दारात उभे राहून रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून मला दाखवायचे. काळा रंग तेल लावल्यासारखा हवा. राखाडी झाक दिसली की समजावं, कुणीतरी बोथट सुईने नांगर फिरवलाय. आमच्याकडची खारी हवा रेकॉर्डींच्या आणि सुयांच्या वाईटावर असायची. ते आईच्या विटलेल्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने प्रत्येक तबकडी पुसत, उभी ठेवत आणि पेटीत कडुनिंबाचा पाला टाकत.

रविवारी दुपारी जेवणं झाली की घरच्या पेटीतली एकच रेकॉर्ड निघायची. एकापेक्षा जास्त ऐकणं म्हणजे त्यांच्या मते हावरटपणा. ती वाजत असताना सुपारी कातरायची नाही, भांडी लावायची नाहीत. मला ते शेजारी बसवायचे आणि सांगायचे, "गाणं मागून ऐक. आदी खोली ऐक." सुई टेकल्यावर गाणं सुरू होण्याआधी दोन-तीन फेरे नुसती खरखर असते ना, त्यात ती गाणी जिथे म्हटली त्या खोलीचा आवाज असतो म्हणे. कुणाची खुर्ची करकरते, कुणी श्वास घेतं. मला आधी काही ऐकू यायचं नाही. मग एके रविवारी एका म्हाताऱ्या गवयाच्या रेकॉर्डवर, गाणं सुरू होण्याआधी, कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः उठून मला चहा करून दिला. मला वाटतं, माझ्या अकरावीच्या निकालापेक्षा त्यांना त्या पेल्याचा आनंद जास्त झाला असावा.

आता धंद्याच्या पेटीविषयी. आई-बाबा पुष्कळदा एकाच लग्नाला जायचे, ती गायला, ते वाजवायला. आधी सगळं ठीक होतं. कर्णा हा पाहुणा होता, त्याने विधी नसतील तेव्हा बोलायचं. पण कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत झाली. पोरांना सिनेमाची गाणी हवी असायची. आई हळदीचा धवला म्हणायला बसली की मांडवाच्या खांबावरून दोन कर्णे तिच्या डोक्यावर ओरडत असायचे. बाबा सुई उचलायला जात, तर कुणी काका त्यांचा हात धरी, "रं र्‍हाऊ दे, तिचा धवला काय, वर्सानुवर्सं तोच हाय." मग आई कर्ण्याखाली गात राही. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसायच्या, आवाज ऐकू यायचा नाही. तिच्या मागे झील धरणाऱ्या बायका एकेक करून पांगायच्या. घरी येताना बाबा कर्णे डोक्यावर घेऊन पुढे आणि आई चार पावलं मागे. बाबांना आईचा आवाज फार आवडायचा. त्यांनीच तो बुजवला, आणि पोट भरायचं तर दुसरं करायचं काय, हेही त्यांना सुचत नव्हतं.

या दुःखातूनच त्यांच्या डोक्यात आलं की आईची रेकॉर्ड काढायची. जुन्या बाजारात त्यांची एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाशी ओळख झाली होती. तो गावाकडची गाणी शोधत होता. बाबांचा हिशेब साधा होता. कर्ण्याचं लोक ऐकतात ना, मग धवलाच कर्ण्यातून येऊ दे. आईने ऐकलं आणि सरळ नाही म्हणाली. "रिकाम्या पाटावर धवला बोलायचा नाय. आत्यानं मना हात लावून सांगितलंय. हलद लावलेली पोर समोर पायजे." बाबा हिरमुसले. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते मी. मी म्हटलं, "मी बसते ना पाटावर. हळद काय, आल्यावर आंघोळ केली की जाते."

मी सतरा वर्षांची होते आणि मला मुंबईची ती काचेची खोली बघायची होती, एवढीच गोष्ट. शिवाय माझं लग्न ठरलेलं होतं. सुपारी फुटली होती. ओवे गावचा दामोदर, तळोज्याच्या कारखान्यात फिटर. रेडिओ दुरुस्त करून घ्यायच्या निमित्ताने तो दुकानात यायचा आणि त्याचा रेडिओ आमच्या दारात आल्याबरोबर आपोआप बरा व्हायचा. मला तो इतका आवडला होता की पाटावर बसायची रंगीत तालीम होतेय, असंच मला वाटलं. आईने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग म्हणाली, "नुसती हलद बोलेन. फुरं जानार नाय." हळदीपर्यंत चालतं, हळद धुतली जाते, असं तिने स्वतःला समजावलं असावं.

त्या खोलीच्या भिंतींना तरटाच्या जाड गाद्या ठोकलेल्या होत्या. बाबांनी आत गेल्या गेल्या टाळी वाजवली आणि ते लहान मुलासारखे हसले. टाळीचा आवाज परत आलाच नाही. आई मात्र घाबरली. मांडवात ती एक ओळ म्हणायची आणि बायका ती उचलून परत द्यायच्या. इथे दिलेलं सगळं भिंती गिळत होत्या. दोन पाट आम्ही घरून नेले होते. एकावर मी, मावशीचं हिरवं लुगडं नेसून, हातात काचेच्या बांगड्या. दुसरा पाट रिकामा सोडायला आई तयार होईना, म्हणून तिने त्यावर पिशवीतला नारळ ठेवला. माझ्या कपाळाला, गालांना हळद लावली. काचेपलीकडच्या माणसाने बोट वर केलं, लाल दिवा लागला, आणि आईने डोळे मिटून घेतले.

हळदीचा धवला संपला तेव्हा तिने डोळे उघडायला हवे होते. उघडले नाहीत. तिच्या डोक्यावर आज कर्णा नव्हता. कितीतरी वर्षांनी तिला स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत होता. ती पुढे गेली. काचेपलीकडचा माणूस खुशीत येऊन हाताने चालू द्या, चालू द्या म्हणत होता, बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आई देवांना बोलावत होती, खाडीला बोलावत होती, माझं नाव घेत होती, बाबांचं नाव घेत होती. धवला अर्ध्यात तोडणं हा त्याहून मोठा अपशकुन, त्यामुळे एकदा वेस ओलांडल्यावर तिला थांबताही येईना. मी पाटावर बसून ऐकत होते. तिने मला दिली. शेजारच्या पाटावरच्या नारळाला दिली. लाल दिवा विझला तेव्हा ती भानावर आली, माझ्याकडे बघितलं आणि जमिनीवर बसली. बाबांनी विचारलं, काय झालं. ती एवढंच म्हणाली, "लागलं."

येताना एसटीत आईने तो नारळ मांडीवर धरला होता. घरी आल्यावर तिने नारळ देवापुढे ठेवला आणि पाणी भरायला नळावर गेली. बाबा त्या दिवशी इतके आनंदात होते की त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी येताना सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते. नारळ दिसला, उचलला, उंबऱ्यावर फोडला. मी तो खवला. हो, मीच खवला, आणि सोड्यांच्या कालवणात घातला. आई हंडा घेऊन आली आणि चुलीपाशी पडलेल्या करवंट्या बघून उभीच राहिली. त्या रात्री ती जेवली नाही. बाबा म्हणाले, दमली असेल. आम्ही दोघांनी पोटभर खाल्लं, कालवण चांगलं झालं होतं. आज इतक्या वर्षांनीही सोड्याच्या कालवणात मी नारळ घालत नाही, चिंच घालून भागवते.

रेकॉर्ड दोन-तीन महिन्यांनी आली. छोटी, पंचेचाळीसच्या वेगाची. बाबांनी ती घरच्या पेटीत ठेवायची म्हणून आधी धुतल्या हातांनी पुसली, मशीनवर ठेवली, सुई टेकवली. आवाज आला आणि त्यांचा चेहरा पडला. कंपनीवाल्याने कापून कापून थोडाच धवला ठेवला होता आणि तोही एका बाजूत मावावा म्हणून वेग वाढवला होता. आईचा मिठागरासारखा पसरट, जड आवाज चिरका, पोरसवदा झाला होता. वर बाजाची पेटी आणि ढोलकी चिकटवली होती. "ही तू नाय," बाबा म्हणाले. मग त्यांनी फिरत्या तबकडीच्या कडेला बोटाचं टोक हलकेच टेकवलं. फेरे मंदावले, आवाज उतरत उतरत खाली आला, आणि एका ठिकाणी आई आली. अगदी आई. तिच्या आधी माझ्या बांगड्यांची किणकिण होती. बाबांनी बोट तसंच धरून ठेवलं, गाणं संपेपर्यंत. आई मधल्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मागच्या महिन्यात खारघरच्या टॉवरमधले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. चाळिशीचे, कॉम्प्युटरमधले, जुन्या रेकॉर्डी जमवण्याचा छंद. मला त्यांनी त्यांच्या घरी नेलं. एका खोलीत नुसत्या रेकॉर्डी आणि माझ्या लग्नात झालेल्या सगळ्या खर्चाइतकी एक सुई. चांगला माणूस आहे, ऐकतानाही बाबांसारखा डोळे मिटतो. त्याला नेमकी हीच रेकॉर्ड हवी होती. कुठे तरी एकदा ऐकली म्हणाला, "काकू, पिच चुकलंय त्यात, पण बाई काय गायलीय." मी त्याला सांगितलं, आमच्याकडे नाही. ती माझ्या कपाटात लुगड्यांखाली आहे. का नाही म्हटलं ते तेव्हा माझं मलाच नीट कळलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तर ती रेकॉर्ड बाबांनी धंद्याच्या पेटीत टाकली. आधी कळंबोलीच्या एका हळदीला लावली. लोक खूश झाले. आगऱ्यांचा धवला कर्ण्यावर म्हणून पोरांनी तीनदा लावायला लावली. महिन्याभरात ती आमच्या गावांच्या सगळ्या पट्टीत ऐकू येऊ लागली, आणि प्रत्येक हळदीला कर्ण्यातून माझं नाव यायचं, माझ्या बापाचं नाव यायचं, आणि मी दिली जायची. मला गंमत वाटायची. मैत्रिणी चिडवायच्या, आज तुझं लगीन कुठं गो? त्या गमतीच्या भरातच मी दामोदरला नारळाची गोष्ट सांगितली. हसत हसत. माझा पहिला नवरा आम्ही कालवणात घालून खाल्ला म्हणून. तो इतका हसला की त्याने घरी जाऊन आपल्या आईला सांगितली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याची आई भागूबाय. बारीक, काटक, नाकात मोठी नथ, आणि धवला तिला स्वतःला येत नसला तरी ऐकून ऐकून त्यातला कानामात्रा तिला ठाऊक. तिने निरोप धाडला, लग्न थांबवा. काय बिघडलं म्हणून बाबा ओव्याला गेले तर ती म्हणाली, "पोरीचं लगीन लागलंय. ज्याच्याशी लागलं त्याला तुमी फोरून खाल्लात. मंग ती रांडाव झाली ना? माज्या पोराला मी रांडाव बायको करून देऊ?" बाबांना वाटलं, थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. ती म्हणाली, धवलारणीने माझ्या तोंडावर सांगू दे की जे म्हटलं तो धवला नव्हता, तर मी ऐकेन. येत्या गुरुवारी येते.

बुधवारी मी आईच्या मागे लागले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "आये, खोटं होतं म्हन. एवढंच म्हनायचंय."

"खोटं कसं म्हनू? तू होतीस ना तिथं."

"माइकपुढं होतं. लगीन नव्हतं."

"मना ठाव हाय काय होतं ते." ती सूप खाली ठेवून माझ्याकडे वळली. "मी खोटं बोलले, तर मंग मी लावलेली बाकीची लग्नं? त्या पोरी कुठं जातील?"

मी म्हटलं, "त्यांचं मना काय?"

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. वय लहान होतं, प्रेमात होते, अशा सबबी मी पुष्कळ वर्षं स्वतःला देऊन बघितल्या. एकही टिकली नाही. आईने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

गुरुवारी दुपारी भागूबाय आली, सोबत ओव्याच्या दोन बायका. मी चहा दिला, तो तिने बाजूला ठेवला. म्हणाली, आधी लाव ती प्लेट, मी कर्ण्यावर ऐकलीय, कर्ण्यावर सगलं सारखंच लागतं. बाबांनी घरचं मशीन आणलं. मी मनात म्हणत होते, वाजू दे तशीच, चिरकी, ढोलकीसकट. कुणालाही सिनेमातलं गाणं वाटेल. बाबांनी सुई टेकवली. आणि सवयीने त्यांचं बोट कडेला गेलं.

मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना खोटा आवाज ऐकवतच नव्हता, त्या दिवशीसुद्धा नाही. आवाज उतरला आणि खोलीत आई गायला लागली. समोर आई बसलेली, आणि मशीनमध्ये आई. देवांना आवतण सुरू झालं तेव्हा ओव्याच्या दोन्ही बायकांनी पदर डोक्यावर ओढला. भागूबायचे हात आपोआप जोडले गेले. गाणं संपलं, बाबांनी डोळे उघडले, आमचे चेहरे बघितले, आणि आपण काय केलं ते त्यांना कळलं. त्यांनी ते बोट मुठीत धरलं.

भागूबायने डोळे पुसले. ती काही दुष्ट बाई नव्हती, हे मला पुढे तिच्यासोबत राहून कळलं. तिने आईला हळूच विचारलं, "हे खोटं, बाय?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मी दारात उभी होते, माझ्या हातात कपबशांचं ताट होतं. आई म्हणाली, "खोटंच हाय. नुसतं गानं हाय ते. माज्या तोंडानं धवला नाय लागत."

शेवटचं वाक्य तिला कुणी मागितलं नव्हतं. पहिल्या दोनांवर भागूबाय विश्वास ठेवणार नाही, हे तिने ओळखलं होतं. भागूबायने नथ सावरली. मग म्हणाली, "बरं. तुमी बोललात, मी ऐकलं. तारीख धरू." उठता उठता दारात थांबून म्हणाली, "मात्र मंग आमच्या मांडवात तुमी गाऊ नका." चहा तसाच राहिला होता. आईने तो चुलीवर पुन्हा गरम केला आणि स्वतः प्यायली.

असल्या गोष्टी गावोगाव जायला कर्ण्याची गरज नसते. आईला बोलावणी यायची थांबली. कुणी वाईट बोललं नाही, फक्त बोलावलं नाही. एक दिवस कळंबोलीची एक बाई आली, कडेवर मूल. नवरा तिला नांदवत नव्हता. ओट्यावर बसून तिने आईला विचारलं, "मावशी, माजंबी नुसतं गानंच होतं का?" आईने तिच्या मुलाला भाकरी दिली, तिला पाणी दिलं. मी आत बसून रुखवताच्या पिशव्यांसाठी मणी ओवत होते आणि ऐकत होते. उठून बाहेर जावं, खरं काय ते सांगावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी ओवत राहिले.

बाबांनी रेकॉर्ड वाजवायचं बंद केलं. उरलेल्या प्रती कुठे गेल्या ठाऊक नाही. त्या खारघरच्या गृहस्थांनी ऐकली ती त्यातलीच असेल. रविवारी दुपारी घरची पेटी उघडायचीही त्यांनी सोडली. मी विचारलं तर म्हणाले, सुई खराब झालीय. सुई नवीन होती, मीच पाकीट बघितलं होतं. घर पूर्वीही शांत असायचं, पण ती शांतता निराळी होती. पूर्वी आई काही ना काही गुणगुणत असायची आणि ते आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की थांबल्यावरच कळलं, ते होतं.

दामोदर भला निघाला. सगळा संसार त्याच्याबरोबर सुखाने झाला, उगाच का खोटं बोलू. माझ्या हट्टाने काही वाईट निपजलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. आई गेली तोवर माझी मुलं मोठी झाली होती. तेवढ्या वर्षांत एकदाही तिने मला बोल लावला नाही आणि एकदाही ती गायली नाही, नातवाच्या बारशाला पाळणासुद्धा नाही. आता लग्नाचा दिवस सांगायचा राहिला. माझं लग्न ओव्याला लागलं. मांडवाला कर्णा आमच्याच दुकानातला होता. बाबांनी जावयाच्या दारातही तारा स्वतःच ओढल्या. धवला म्हणायला ओव्याची एक म्हातारी धवलारीण होती, थकलेली, दम लागणारी. आई नवरीच्या बायकांत मागे बसली होती, मामीच्या आड.

मुलगी देण्याच्या आधी धवल्यात एक जागा येते. देव झाले, खाडी झाली, बांध झाला, सगळे आले. मग धवलारीण नवरीच्या आईला विचारते. एकच ओळ आहे. तू नऊ महिने वागवलीस, तू दूध पाजलंस, आता तुझ्या मनाने देतेस का, अशी. आईने पदर हलवून होकार द्यायचा आणि मग पुढे. म्हातारी तिथवर आली आणि थांबली. ओळ तिला आठवेना. ती मागची ओळ परत म्हणाली, पुन्हा थांबली. झील धरणाऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. मांडव गप्प झाला. मग एकेक करून सगळ्या बायकांच्या माना मागे वळल्या, माझ्या आईकडे. सगळ्या पट्टीत ती ओळ जिला झोपेतही आली असती, ती बाई तिथे बसली होती. मला पाटावरून दिसत होतं. आईचे ओठ हलले. मग तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि मान खाली घातली. भागूबाय म्हणाली, "र्‍हाऊ दे, फुरं चला." म्हातारी पुढे गेली. त्या ओळीशिवाय, आईला न विचारताच, माझं लग्न लागलं.

ती ओळ मलाही येत होती. पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. हळू आवाजात म्हटली असती तरी म्हातारीला पुरली असती, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. पण माझ्या तोंडून ती निघाली असती तर भागूबायला कळलं असतं की आमच्या घरात धवला खराच होता. म्हणून मी समोर बघत बसून राहिले.